सहपत्र क्रमांक चार

जुन्या गुरांच्या दवाखान्यात आम्हाला खोली मिळाली,
घाटंजीच्या बसस्टँडमागं.
भिंतीत अजून लोखंडी कडी आहे, बैल बांधायची,
फिनेलचा वास आहे,
लाळ्या-खुरकताचं कॅलेंडर आहे.
बाहेर पाटी: लघुउद्योग मागदर्शन कक्ष.
पहिला रफार राहून गेला.
पेंटर म्हणाला, बिल निघालं की देतो चढवून.

बावीस वर्षं मी जिल्ह्याला त्रुटी काढल्या,
लाल शाईत, बारीक अक्षरात.
चांगल्या त्रुटीचं एक असतं,
सगळ्या एकदम सांगायच्या नाहीत.
आधी फोटो.
फोटो आणला की शिक्का.
शिक्का येईस्तोवर भाडेपावती जुनी होते.
हे कोणी शिकवलं नाही. हात शिकत जातो.

आता आदेश आलाय: वाट दाखवा.
गुमास्ता, वजनमापे, अन्न परवाना,
ग्रामपंचायतीची ना-हरकत, थ्री फेजचं मीटर,
कशाच्या आधी काय, एका कागदावर लिहून द्या.
लिहायला बसलो तर मलाच येईना.
खिडकीची मला एकच बाजू ठाऊक होती,
आतली.

अकरा दिवस कोणी फिरकलं नाही.
म्हणजे एक जण आला होता, शेळी घेऊन.
त्याला सांगितलं, दवाखाना पारव्याच्या रोडला गेला.
रजिस्टरात तेवढीच नोंद.

बाराव्या दिवशी बेबीनंदा गुल्हाने आली.
प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात अजून एक,
आणि सगळ्यात आत लॅमिनेशन केलेलं पत्र.
"तेलघाना. अर्ज वापस.
सहपत्र क्रमांक चार जोडलेले नाही."
खाली सही. शेपटी वर गेलेली.
ती सही मी आजही तशीच करतो.

"सात वरसं झाले, साहेब.
मी सगळ्याईले इचारलं, हे चार म्हंजे काय.
कोनालेच मालूम नाई.
म्हनून जपून ठेवलं, कोनी सांगनारा भेटन तं दाखवता येईन."

मलाही माहीत नव्हतं.
तेव्हाही नव्हतं. यादीत होतं, म्हणून लिहिलं.

यवतमाळला फोन लावला.
तिथल्या पोरानं अमरावतीचा नंबर दिला.
अमरावतीला जेवणाची सुट्टी.
ती बाकावर बसून राहिली, कडीला पिशवी अडकवून.
चारच्या सुमारास एक बाई बोलल्या:
सहपत्र चार? ते तर कधीच रद्द झालं.
तारीख सांगितली त्यांनी.
माझ्या सहीच्या पाच महिने आधीची.

फोन मी लगेच ठेवला नाही.
पलीकडे कोणी नव्हतं, तरी हं, हं म्हणत राहिलो.

मग सांगितलं तिला.
"म्हंजे लागतच नोतं?"
नव्हतं.
"बरं."
एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"मोटर इकली मी, दोन वरसाआंधी.
घाना हाय. लाकडाचा हाय, तो कुठी जाते."

पिशवीतून तिनं सिरपची बाटली काढली,
जवसाचं, देराच्या बैलावर काढलेलं, कालचं.
"घ्याचं नसन तं नोका घेऊ, वास तं घ्या."
झाकण उघडलं,
आणि फिनेल मागं सरलं थोडा वेळ.

नवा फॉर्म काढला. निळं पेन मागून घेतलं तिच्याकडूनच.
नाव, गाव, सर्व्हे नंबर.
सहपत्रं आता तीनच.
शेवटी एक चौकोन: शेरा.
तो सोडून मी कागद तिच्याकडे फिरवला, सहीला.

तिनं चौकोनावर बोट ठेवलं.
"हे काहून खाली?"
ते कार्यालयासाठी असतं, म्हटलं.
"मंग कार्यालय तुमीच ना जी?
लिवा काई बी. खाली नोका ठेवू.
खाली ठेवलं का वापस येते."

पेन टेकवलं.
'नाही' वर न संपणारं
एक वाक्य शोधत बसलो.
दारात तोच माणूस पुन्हा उभा होता,
शेळी घेऊन.