बिन

रणधीरराव कोळवणकरांना वंशावळ हवी होती
मुलीच्या लग्नाआधी,
जाड कागदावर, सोनेरी शाईत,
आणि जमलं तर देवगिरीपासून.
त्यांचा झाशी रोडला पेट्रोल पंप आहे.
'पैशाचं बघू नका बाई,' म्हणाले,
'फक्त ओळ सरळ आली पाहिजे.'

लोखंडी पेटी रिक्षातून आली
लष्करातल्या माझ्या दोन खोल्यांत.
वर डांबराच्या गोळ्या, तळाशी कसर,
मधे कोळवणकर.

मोडीत आधी रेघ ओढतात,
कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं टांगतात
दोरीवरच्या धुण्यासारखी.
घराण्यांचंही असंच होत असणार.

संताजी बिन येसाजी बिन संताजी बिन येसाजी.
आजोबाचं नाव नातवाला,
नातवाचं पुन्हा त्याच्या नातवाला,
एकच अंगरखा आळीपाळीने घातलेला.
कुठला येसाजी गोहदेला पडला
आणि कुठल्याने आंतरीला विहीर बांधली
ते अंगरख्याला काय ठाऊक.

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.
पण मे महिन्यात,
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद करून
दुपारभर बसलं
की बिन म्हणजे नुसतं बिन:
येसाजीवाचून संताजी,
संताजीवाचून येसाजी.

पहिली चार नावं भाटाने दिलेली.
त्याची बिदागीही टिपून ठेवलीय,
शेला एक, रुपये पाच.
पिढीला सव्वा रुपया पडला.
ती नावं मी खोडली नाहीत,
पेन्सिलने लिहिली.

मग ती पावती.
एकवीस घोडे पोचले, येसाजी कोळवणकर.
सनावर कसरीने नेमकं भोक पाडलेलं:
तिसा, की तिसैन?
नऊ धरावे, तर हा खापरपणजोबा.
नव्वद धरावे,
तर येसाजी मरून चार वर्षं झालेली,
आणि मयत माणूस घोडे मोजून घेतोय.
रणधीररावांच्या काकांनी समासात लिहिलंय,
'दुसरा येसाजी. दत्तक असावा.'
असावा.
या एका शब्दावर पुढचे अकरा जण उभे आहेत,
पगड्या बांधून.

टॉर्चच्या उजेडावर कागद धरला
तेव्हा भोकाच्या काठाला
न-ची शेपटी दिसली. नव्वदच.
आणि अगदी खाली, घडीत दबलेली निशाणी.
शिपाईगड्याची असती तर कट्यार असती,
कुणब्याची असती तर नांगर.
हे काकण होतं.
हात कापलाय, गोल नीट मिटलेला नाही.

दोन दिवसांनी दाणावैरणीच्या यादीत ती सापडली:
लाडूबाई, येसाजीची.
एवढंच.
आई, बायको, लेक की ठेवलेली,
कारकुनाला सांगायची गरज वाटली नाही,
त्याच्या वेळी सगळ्यांना माहीत होतं.

(माझ्या माहेरच्या वहीत
तिन्ही भावांपुढे रेघा गेल्यात.
त्यांच्यानंतर 'कन्या १'.
ती एक मी.)

दोन येसाजींच्या मधे, जिथे काकांचा दत्तक होता,
मी एक गोल काढला.
वरून खाली येणारी रेघ त्याला टेकवली नाही,
टिंबं दिली.

रणधीरराव आले. चष्मा लावून वाकले.
'हे काय, शून्य?'
'काकण.'
'कुणाचं?'
सांगितलं तेवढं, जेवढं कागद सांगतो.
खाली गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी
येऊन गेली, पुढच्या वळणावर वाजली.
ते बोट ठेवून उभेच.
मग म्हणाले, 'एकवीस घोडे? एकटीने?'
'एकवीस. त्यात दोन लंगडे, असं लिहिलंय.'

'गोल राहू दे,' म्हणाले.
'लंगडे तेवढे काढा.'