उरलेले तेल

साडेसातला बरणीचं झाकण काढते.
दर्प आधी डोळ्यांत चढतो,
मग नाकाला कळतो.

चवळीच्या दाण्यांवर उताणे पडलेत
शंभर भुंगेरे, तिळाहून जरा थोर.
कुंचल्याच्या टोकाने एकेकाला ढोसायचं :
पाय हलला तर तो अजून हिशेबाबाहेर,
नाही हलला तर वहीत रेघ.
सत्त्याण्णव रेघा.
अकोलबिरे पलीकडून म्हणतो, "जिंकलो की!"
मी पानं उलटून एकविसाव्या दिवसावर बोट ठेवते :
एकेचाळीस.
तेल तेच, बरणी तीच,
वास मात्र बुचाच्या फटीतून
बोल्गातांगाच्या उन्हात निघून गेलेला.

दोन पोती पाला, दिवसभर वाफ,
आणि हाती काय, अंगठ्याएवढी बाटली.
झाड तसं तुळशीच्या भावकीतलं,
आमच्याकडे बांधावर कुणी न लावता उगवतं.
आई कणगीत चवळीचा एक थर देते, त्यावर याचा पाला,
पुन्हा चवळी, पुन्हा पाला,
वर मातीचं झाकण लिंपून
वर्षभर त्याचं नावही काढत नाही.

शनिवारी ती बाटली तिला नेऊन दाखवली.
"सगळा पाला यात आहे," मी म्हटलं,
शिकलेल्या मुलीच्या आवाजात.
तिने हुंगलं. शिंकली. पुन्हा हुंगलं.
मग दोन थेंब बोटावर घेऊन
कानामागे लावले, एक गळ्याला,
आणि टोपलं डोक्यावर घेऊन
तिसऱ्या दिवसाच्या बाजाराला चालू लागली.

हरमॅटनची धूळ. ओठ फुटलेले.
नेहमीची घासाघीस करणारी ती कुमासीची व्यापारीण
टोपल्यावर वाकली, थांबली,
आईच्या मानेकडे बघत राहिली.
दाणा दाताखाली न घेताच म्हणाली,
"यात कीड नाही."
भाव मागितला तेवढा दिला.

चवळीला तेलाचा थेंबही लागला नव्हता.

सोमवारी रकाना भरायचा होता :
उरलेले तेल, मिलिलिटरमध्ये.
अकोलबिरेने बाटली उजेडाकडे धरली,
माझ्याकडे पाहिलं.
मी लिहिलं : शून्य. उडाले.
तसं ते खोटंही नव्हतं.
घरी आईच्या उशीला
अजून येतोय.