सशांचं घर, तिसऱ्यांदा

पहिलं घर मी रापणीच्या जुन्या जाळ्याचं केलं.
हाताला तेच येतं.
चार खुंट, वर झावळ, आणि गाठी,
ज्यांतून कधी बांगडा सुटला नाही
त्या गाठी दोन सशांनी एका रात्रीत कुरतडल्या.
सकाळी पांढरा माडाच्या आळ्यात भिजत बसलेला,
राखी शेजारच्या सगुणाकाकूंच्या परसात.
काकू कुंपणावरून म्हणाल्या,
"जगदीश, तुजे मासे भाजी खातत रे!"

दोघं भाऊ आहेत, असं कोल्हापूरचे पाहुणे म्हणाले होते.
खोलीचे पैसे दिले, खोका पडवीत ठेवला,
मंगळवारी येतो म्हणाले.
मंगळवार बरेच झाले.

दुसरं घर लोखंडी जाळीचं.
वेंगुर्ल्याचा दुकानदार म्हणाला, दहा वर्षं बघायला नको.
निवतीच्या वाऱ्याने ते ऐकलं असावं.
गणपतीत जाळी तांबूस,
दसऱ्याला बोटाने मोडेल अशी.
खालीसुद्धा मी जाळीच लावली होती,
घाण आपोआप पडेल म्हणून. माझी हुशारी.
राखीच्या टाचा सोलवटल्या.
मला कळलं आठ दिवसांनी.

ससा ओरडत नाही.
कुत्रा कण्हतो, बोकड वाडी गोळा करतो,
ससा दुखलं की अजूनच नीट बसतो.
मग मी त्यांच्याकडे पहाटे
समुद्राकडे बघतो तसं बघायला लागलो:
रात्रीचं गवत संपलं का,
लेंड्या किती, केवढ्या,
कान गरम की गार.
बिस्किट बंद केलं. कोबी बंद केला.
गवत, गवत, आणि वर थोडा पाला.

त्याच सुमाराला एका रात्री कांडेचोर आला.
आत शिरला नाही. नुसता भोवती फिरला.
पांढरा उजाडेपर्यंत मागचा पाय आपटत होता,
आणि नंतर दिवसभर पाण्याला तोंड लावेना.
डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
दात लागायलाच हवेत असं नाही,
ससा भीतीनेही मरतो.
माझी सगळी अक्कल आतलं बाहेर जाऊ नये याची.
बाहेरचं आत येऊ नये
असं जाळं मी कधी विणलंच नव्हतं.

तिसरं घर म्हणून उभं, कमरेच्या उंचीवर.
चिऱ्यांच्या चार खांबांवर फणसाच्या फळ्या,
फळ्यांवर जाड पेंढा,
जस्ताची बारीक जाळी, दोन पदरी,
कडीला खिळा, कारण कांडेचोराला हात असतात.
कोपऱ्यात एक अंधारी पेटी, लपायला.
आणि समुद्राकडे अख्खी भिंत.
आम्ही तिकडे पडवी ठेवतो.
सशांना त्या बाजूला पाठ हवी.

ऑक्टोबरची काहिली सुरू झाली,
दुपारी दोघं पाय ताणून पडायचे, नाकपुड्या भराभर.
बोटीवरचा बर्फ फोडला, बाटलीत भरला,
बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली.
राखीने तिला कूस टेकली आणि डोळे अर्धे मिटले.
तीस वर्षं मेलेल्या मासळीसाठी बर्फ फोडतोय.
जिवंताला पहिल्यांदाच दिला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी
राखीच्या छातीवरचे केस गेलेले.
पुंजके पेंढ्यात, पुंजके जाळीला,
खाली गुलाबी कातडी.
खरूज, म्हटलं. आता दोघंही जाणार.
फोन लावला, हात थरथरत होता.
डॉक्टरीणबाई सगळं ऐकून हसल्या.
"रोग न्हय ओ तो, बाळंतपण आसा.
पेटीत बघा. हळू."

पेटीत केस हलत होते.
सहा, सोललेल्या कोलंबीसारखी, डोळे मिटलेली,
आईच्याच लोकरीखाली.
एक गाठ नाही त्या विणीत.
मी बोट लावून शोधली, सवयीने,
आणि लगेच हात काढला.

"आणि भाऊ आजच वेगळा करा,
नायतर महिन्यान परत फोन करशात."

पांढरा आज रात्रीपुरता मासळीच्या क्रेटमध्ये,
वर दगड.
नाक उडवतोय, वास त्याला पटलेला नाही.
चौथ्या घराला चिरे आहेत.
फळ्या बघाव्या लागतील.