हातचा

नोव्हेंबर सरत आला की माझ्या दुकानात
दम्याच्या फवाऱ्यांचे खोके छताला टेकायचे.
यंदा वरची फळी रिकामी.
तिथे मी जिरेनियमची कुंडी ठेवली,
आणि ती चक्क जगते आहे.

रविवारी वही घेऊन बसले.
खोकल्याचं औषध : निम्मं.
फवारे : विचारूच नका.
ताळेबंद तोंडावर सांगतो,
बोगुमिला, तुझा तोटा झालाय.

गल्लीतल्या कोळशाच्या शेगड्या काढायचं ठरलं
तेव्हा नगरपालिकेत सगळ्यांत मोठ्याने मीच भांडले होते :
कोळसा गेला की पगार जाणार,
पगार गेला की गिऱ्हाईक.
खाणवाल्याची लेक मी, आणखी काय बोलणार?

माझा भाऊ अलोय्झी वीजकेंद्रातून सुटला.
आता बस चालवतो, आधीपेक्षा कमी पैशांत.
त्याला मी कुठलेच आकडे दाखवत नाही.

पण समोरची ग्रात्स्याना,
शिवणकारखान्यात तासावर राबणारी,
हिच्या कायेतानची छाती दर हिवाळ्यात भरायची
आणि ही इस्पितळाच्या बाकावर,
रोज बुडवून.
मागच्या साली अकरा दिवस. यंदा एकही नाही.
परवा आली. सवयीने मी फवाऱ्याकडे हात नेला,
तर म्हणाली, नको,
ती लाल नेलपॉलिश दाखव.
बारा झ्लॉटी. सुटे मोजून दिले,
जरा ऐटीतच.

चादरी आता अंगणात वाळतात.
पूर्वी दोरीवरून काढल्या की पुन्हा पिंपात,
काजळीचं बोट उमटलेलं असायचं प्रत्येकीवर.
तो साबण, ते पाणी, ती दुसरी संध्याकाळ,
कुणाच्या खात्यात जमा झाली?

न झालेला खर्च लिहायला
माझ्या वहीत रकानाच नाही.
न आलेला ताप, न घेतलेली रजा,
न काढलेलं कर्ज,
पावतीच नाही कशाची.

कायेतान काउंटरवर बसून बेरजा करतो,
आई सुटेपर्यंत.
ओळीच्या डोक्यावर बारीक एक लिहितो,
जीभ बाहेर काढून.
हे काय रे?
हातचा, म्हणतो. उत्तरात दिसत नाही.
पण विसरलं की सगळं चुकतं.

मी पेन्सिल मागून घेतली.
तोट्याच्या आकड्यावर, समासाला लागून,
बारीक अक्षरात लिहिलं : अकरा दिवस.
मग खिडकी उघडली, कुंडीला ऊन हवं होतं.