कोपराची जागा

हम्बर आली ट्रॉलीवरून, ताडपत्रीखाली,
आजारी म्हैस नेतात तशी.
प्रफुल्ल नेहेते फोनवर म्हणाले,
इंजिन भुसावळला होतंय, आतलं लाकूड तुम्ही बघा.
मी फैजपूरचा सुतार. पलंग, चौकटी, देव्हारे.
मोटारीत लाकूड असतं
हेच गिऱ्हाइकाला आधी विचारून घेतलं.

डॅशबोर्डावरचं वॉर्निश भाजल्या पापडासारखं फुगलेलं.
काचेच्या तुकड्यानं खरवडत गेलो, चार दिवस.
खाली अक्रोड, कागदाएवढा पातळ,
आणि सगळा गाठींचा.
आपल्याकडे गाठीचं लाकूड चुलीत जातं भो.
रंधा अडकतो, पटाशी तोंड टाकते.
त्यांनी तेच निवडलं, पापुद्रे काढले
आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लावलं.

पोचे होते तिथं ओलं फडकं, वर बायकोची इस्त्री.
सुटलेल्या कडांखाली गरम सरस, वर विटा, रात्रभर.
मग चपडा, स्पिरिटात विरघळलेला.
जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून
आठाच्या आकड्यात हात फिरवायचा,
थांबला की चिकटला.
मे महिना. पंचेचाळीस.
आणि कूलर बंद, कारण ओल लागली
की पॉलिशवर पांढरं धुकं धरतं.
नंदू म्हणाला, आबा, निदान घामाचे तरी पैसे लावा.

प्रफुल्लभाऊंचा पुन्हा फोन.
पुढच्या उजव्या दारावर एक जागा झिजलीय,
तिला हात लावू नका.
बाबांचं कोपर असायचं तिथं.

बरं, म्हणालो.

डॉक्टर कधी गाडी चालवत नव्हते.
चालवायचा सुभान तडवी.
प्रफुल्लभाऊ तेव्हा नाशिकच्या शाळेत,
सुट्टीपुरते यायचे.
मी मात्र त्या गाडीत होतो, एकदाच,
सात वर्षांचा, पायाला फुरसं चावलेलं,
मागच्या डाव्या दाराशी, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर.
ते माझी नाडी धरून घड्याळात बघत
आणि म्हणत, झोपायचं नाही. काय दिसतं ते सांग.
दाराच्या लाकडात एक घुबड दिसत होतं.
आणि तिरकस पुढं, खिडकीत, खाकी बाहीतलं एक कोपर
जे वळणावरसुद्धा हललं नाही.
मी घुबड सांगितलं.
भुसावळ येईपर्यंत घुबडच सांगत राहिलो.

घुबडाचीच पट्टी नेमकी वाळवीनं खाल्लेली.
बोट लावलं, भुकटी.
अक्रोड इथं मिळतो तो वाण्याकडे, पाव किलो.
अंजन बघितला, फार लाल.
साग सरळ, सांगाल तसा वागणारा, इथं चालेना.
शेवटी सावद्याच्या भंगारात
बैलगाडीच्या चाकाचा तुंबा सापडला, बाभळीचा,
वंगण पिऊन काळा.
करवतीचे दोन दात त्यानं घेतले.
आत भोवरे निघाले, एक तडाही.
दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून जोडले
तेव्हा मधोमध काहीतरी झालं,
दोन डोळे म्हणता येतील असं.
उलटं धरलं. ट्यूबखाली नेलं.
घुबड नव्हतं.
तसंच चिकटवलं.

बिलात लिहिलं:
बाभूळ पट्टी, एक.
झिजलेली जागा, काम नाही, शून्य रुपये.

शनिवारी दुकान बंद केल्यावर
चालकाच्या सीटवर बसून बघितलं.
माझं कोपर त्या खळग्यात बसेना.
सुभान माझ्यापेक्षा बुटका असणार.
त्या दिवशी तसं वाटलं नव्हतं.

रविवारी प्रफुल्लभाऊ आले.
मागचं दार त्यांनी उघडलंही नाही.
पुढं बसले, डोळे मिटले, हात टेकवला.
त्यांचंही बसेना.
मग खांदा जरासा पाडून
त्यांनी ते बसवलं.