बोर्डामागची भिंत

निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला,
तंबाखूच्या वखारीवर कंग्राळकर सरांचं ऑफिस.
लेजर उघडलं की शिंक यायची.

सप्टेंबरअखेर. पतसंस्थेचे चेअरमन आले,
करदंटाचा पुडा टेबलावर ठेवला,
"सही तेवढी करा की, साहेब."

रोकड शिल्लक, पुस्तकात : अकरा लाख चाळीस हजार.
तिजोरीत : दोन लाख, आणि बाकीच्याची एक चिठ्ठी,
'अध्यक्षांकडे'.
"दोनदा मोजलो सर," मी म्हटलं.
(आमच्याकडं बायकाही मोजलो, जातो असंच बोलतात.)

"दिल्लीत बसून कोण बघतंय तुम्हाला?"
सरांनी पेनाचं टोपण बसवलं.
पुड्याची सुटलेली दोरी नीट बांधली
आणि पुडा त्यांच्या हातात दिला.

चेअरमन संकेश्वरच्या सी.ए.कडे गेले.
नियमाप्रमाणे त्याचं सरांना पत्र : काही हरकत?
सरांनी एकच ओळ लिहिली.
मग चिकोडीहून तसंच पत्र.
तीच ओळ. मीच टाईप केली.

त्या संध्याकाळी त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला.
घडीवर फाटलेला कागद, इन्स्टिट्यूटचा,
वर तोच गरुड, जो माझ्या पुस्तकांवर होता.
न तपासता सही केली, सबब
सभासदाचं नाव नोंदवहीतून तीन महिने कमी.
थंड इंग्रजी. एक शब्द जास्त नाही.

"एक्क्याण्णव साल, रेणुका.
वर कन्नड का मराठी, ह्यावरनं
ज्या बोर्डाला पोरांनी दोनदा डांबर फासलं,
तो मी स्वतः स्क्रू काढून उतरवला.
मागं भिंतीवर चौकोन राहिला, पांढरा.
त्याच्यावर कुठलीच भाषा नव्हती.
रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण वाचायचा."

एवढं बोलून त्यांनी दिवा घालवला.
कागद पुन्हा शिक्क्याखाली गेला होता,
रोज सही करताना हाताला लागेल असा.

पतसंस्थेत पुढं नोटा आल्या
की चिठ्ठीच राहिली, मला माहीत नाही.
माझी परीक्षा होती.

परवा बेळगावात, शहापूरला,
माझा बोर्ड घेऊन माणूस शिडीवर चढला.
"कन्नड वर किती इंच ठेवू, मॅडम?"
"थांब जरा," म्हटलं,
आणि शिडी धरून उभी असतानाच
एक हात भिंतीला लावून बघितला.
चुना अजून ओला होता.