पाचशेपर्यंत मोजणं

कुताइसीत सकाळी साडेसातला
रिओनीवरचं धुकं अजून पुलाखालीच असतं,
तेव्हा मी काचपट्टी लावते आणि मोजू लागते.
पाचशेपर्यंत. कमी चालत नाही.

नमुना क्रमांक एकशे अठरा.
नाव मला कळू नये असा नियम आहे,
पण पाकिटाला पिठाचे पांढरे ठसे आहेत
आणि आमच्या गल्लीत भट्टी एकच,
माल्खाजची.

सतराव्या वर्षापासून तो
दिवसातून तीनशे वेळा कमरेपर्यंत वाकतो
त्या मातीच्या तोंडात,
निखाऱ्यांवरच्या भिंतीला कणकेची होडी थापतो,
भुवया जळतात, पुन्हा उगवतात.

जुने रिपोर्ट पाहिलेत मी.
संख्या ठीक. चाल ठीक. आकार बरा.
तीन लॅबचे तीन शिक्के.
मग दोष कुणाचा, हे विचारायचीही गरज
उरली नाही कुणाला.
इर्माच्या नळ्या तपासल्या, रक्त, थायरॉइड,
सासूने मोत्सामेताला नेऊन
संतांच्या पेटीखालून तीनदा रांगवलं,
आणि आठव्या-नवव्या आठवड्यात
दर वेळी तेच.
इर्मा त्याला दुसरा शब्द वापरत नाही.
"मार्चमध्ये परत तेच झालं."

आम्ही आजवर बाहेरूनच मोजत होतो,
किती आहेत, किती पळतात.
पाव वरून लाल झाला म्हणजे
आतून भाजला असं नाही,
हे माल्खाजला मी काय सांगणार?

आगरच्या पातळ थरात पेशी बसवायच्या,
वरून आम्ल, मग प्रथिनं उतरवणारं पाणी.
ज्याचा धागा सलग, तो सैल होतो,
चहूकडे उलगडतो,
त्याच्याभोवती प्रभावळ.
ज्याचा तुटलेला, तो नुसता ठिपका. उघडा.
इथल्या देवळातले संतसुद्धा
मी हल्ली असेच बघते,
कुणाची आहे, कुणाची खरवडली गेलीय.

आहे. आहे. नाही.
आहे. नाही. नाही.
दोनशे चौदाला फोन वाजला.
परत पहिल्यापासून.

पाचशेत दोनशे सात उघडे.

भिंत पातळ आहे. पलीकडे डॉक्टर त्सिआला म्हणते,
"एक्केचाळीस टक्के. ही शिक्षा नाही रे, आकडा आहे.
चाळीसवाल्यांचीही पोरं शाळेत जातात,
दहावाल्यांचे पाळणे रिकामे राहतात.
सगळ्यांना ही तपासणी मी सांगतही नाही.
पण तुमची तिघं गेली,
आणि तुझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं."

मग भट्टीचं निघतं, सिगारेटचं,
शिरा फुगल्यात का ते बघू म्हणते.
नवी पेशी घडायला अडीच महिने,
तोवर आग लांब ठेव.

बराच वेळ खुर्ची करकरत राहिली.
"म्हणजे मी," माल्खाज म्हणाला.
इर्मा रडली नाही. सुटल्यासारखाही
श्वास टाकला नाही तिने,
मी कान देऊन होते.
"तुझ्या आईला तू सांग," एवढंच.

आता भट्टीत इर्मा वाकते.
बाह्या ओल्या करून,
डोक्याला नवऱ्याचा जुना रुमाल.
होड्या वाकड्या होतात,
एखादी निखाऱ्यात पडते, ती शिवी देते.
माल्खाज गल्ल्यावर, ओठांत सूर्यफुलाच्या बिया,
सुट्टे पैसे देताना गोंधळतो.
सासू पलीकडच्या बाकावर, पाठ करून.

डिसेंबरात नमुना क्रमांक तीनशे दोन.
पिठाचे ठसे नव्हते,
एक बी होती पाकिटाच्या घडीत.
पाचशेत एकशे एकोणतीस.
शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिले.
याने मूल होईल? माहीत नाही मला.
माझ्या रकान्यात तो प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला गेले.
माल्खाज डॉक्टरकडे गेलेला,
गल्ल्यावर इर्मा, मनगटावर भाजल्याचा ताजा डाग.
तिला मी फक्त गल्लीतली गिऱ्हाईक.
उरलेली नाणी माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाली,
"मोजून घ्या हं."

मी मोजली.